‘लाभार्थी’ आणि ‘वाटेकरी’ : उद्यम-साहाय्याच्या परिभाषेची चिकित्सा

१

एखाद्या व्यवहाराची परिभाषा म्हणजे त्या व्यवहाराचे केवळ बाह्य वेष्टन नव्हे. व्यवहारातील पक्षांचे परस्परसंबंध तीत मुरलेले असतात. धनको आणि ऋणको, मालक आणि कूळ, यजमान आणि आश्रित ही जोडनावे उच्चारली की कोणाचा हक्क कोणता आणि कोणाची बांधिलकी कोणती, हे ऐकणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत नवे उद्योग उभारणाऱ्यांना, आणि त्यांतही ज्या समाजघटकांना भांडवलाच्या व्यवहारात आजवर फारसे स्थान मिळाले नाही अशांना, साहाय्य देण्याच्या अनेक योजना शासनाने व वित्तसंस्थांनी आखल्या. या योजनांचे यशापयश आकड्यांनी मोजणे हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे काम होय. भाषाभ्यासकाने विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे : ज्याला पैसा द्यावयाचा त्याला या योजना कोणत्या नावाने हाक मारतात, आणि त्या नावाने त्याच्या पदरात नेमके काय पडते?

या प्रश्नाच्या विवेचनासाठी दक्षिण मुंबईतील कफ परेडच्या मच्छीमार नगराचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. बॅक बेच्या काठी कोळी व इतर मच्छीमारांची ही वस्ती आहे. तेथून थोड्याच अंतरावर जागतिक व्यापार केंद्राच्या आवारात, उद्योगांना दीर्घ मुदतीचे वित्त पुरविण्यासाठी १९६४ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास बँकेची उत्तुंग इमारत उभी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर येथल्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा या वस्तीचे नाव वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचले. तेथला रोजचा धंदा मात्र त्या प्रसिद्धीच्या बाहेरच राहिला. उद्योगाचे वित्त आणि वित्ताविना चाललेला उद्योग इतके शेजारी असूनही त्यांची भाषा भिन्न राहावी, ही गोष्ट चिंतनीय आहे.

२

प्रथम ‘लाभार्थी’ हा शब्द घ्यावा. इंग्रजीतील ‘बेनिफिशिअरी’चा पर्याय म्हणून शासकीय मराठीत तो रूढ झाला. मूळ इंग्रजी शब्दाचा रोख लाभ ज्याला पोहोचतो त्या व्यक्तीवर आहे. मराठी पर्यायातील ‘अर्थिन्’ या उत्तरपदाचा अर्थ मात्र इच्छिणारा, मागणारा असा आहे. विद्यार्थी विद्या इच्छितो, शरणार्थी आसरा मागतो. त्याच न्यायाने लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. भाषांतराच्या या एका पायरीवर घेणाऱ्याचा याचक झाला. हे कोणी हेतुपुरस्सर केले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु शब्दाने आपले काम केले आहे. योजनेच्या प्रस्तावनेत जी व्यक्ती ‘उद्योजक’ असते, ती पात्रतेच्या अटी येताच पुष्कळदा ‘अर्जदार’ होते आणि यादी प्रसिद्ध होताना ‘लाभार्थी’ म्हणून उरते. उद्योजक हा प्रयोजक धातूपासून साधलेला शब्द असल्यामुळे त्यात इतरांना कार्यास लावण्याचे कर्तृत्व आहे. योजनेचा कागद पुढे सरकतो तसे हे कर्तृत्व गळत जाते.

दुसरे उदाहरण वयाच्या रूपकाचे आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत कर्जाच्या श्रेणींना ‘शिशु’, ‘किशोर’ आणि ‘तरुण’ अशी नावे देण्यात आली. पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज शिशु, पाच लाखांपर्यंतचे किशोर आणि दहा लाखांपर्यंतचे तरुण. पुढे २०२४ साली वीस लाखांपर्यंतची ‘तरुण प्लस’ ही श्रेणी तीत आली. उद्योगाची वाढ दाखविणारे हे रूपक वरवर पाहता निरुपद्रवी व ममतेचेही वाटते. तथापि ते गृहीत काय धरते, हे पाहणे अवश्य आहे. चाळीस वर्षे मासळीचा धंदा केलेल्या स्त्रीने टोपल्या, बर्फ आणि दोन दिवसांची खरेदी यांसाठी पन्नास हजार मागितले, तर ती शिशु ठरते. तिचा धंदा लहान आहे हे खरे. परंतु तो बाल्यावस्थेत आहे हे खरे नाही. आकारमान आणि वय या दोन भिन्न गोष्टी रूपकाने एक केल्या आणि अनुभव हा जो त्या धंद्यातील खरा ठेवा, तो मोजणीतून वगळला गेला.

तिसरा शब्द ‘साहस’. जोखमीच्या नव्या उद्योगात गुंतविलेल्या पैशाला मराठीत साहस भांडवल किंवा साहस वित्त असे म्हणतात. धर्मशास्त्रीय ग्रंथांत ‘साहस’ हे बलात्काराने केलेल्या अपराधाचे नाव होते, आणि दंडाच्या प्रथम, मध्यम व उत्तम या पायऱ्यांनाही तेच नाव होते. मराठीत त्या शब्दाचा अर्थोत्कर्ष होऊन तो धाडसाचा वाचक बनला. आता भांडवलाच्या आधी जोडला गेल्यावर हे धाडस कोणाचे, हा प्रश्न उरतोच. परिभाषेप्रमाणे ते पैसे घालणाऱ्याचे आहे. वादळाच्या सूचनेकडे कान ठेवून होडी लोटणाऱ्याच्या कृतीला या परिभाषेत वेगळे नाव नाही. २०१५ सालीच अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी केंद्र शासनाने साहस भांडवलाचा स्वतंत्र निधी उभारला. वंचित समाजातील उद्योजक केवळ कर्जास नव्हे, तर जोखमीच्या भागीदारीसही पात्र आहे, ही गोष्ट त्या निधीच्या नावाने प्रथमच मान्य केली, आणि म्हणून त्या नावाचे महत्त्व मोठे आहे.

३

शासकीय परिभाषेशेजारी मासेमारीच्या धंद्यातील शब्द ठेवले असता निराळेच चित्र दृष्टोत्पत्तीस येते. तेथे नाखवा आहे, तांडेल आहे, खलाशी आहे. आणि या तिघांना बांधणारा शब्द ‘वाटा’ हा आहे. फेरीचा खर्च, म्हणजे डिझेल, बर्फ व शिधा, वजा केल्यावर उरलेल्या उत्पन्नातून होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचे वाटे काढावयाचे, ही जुनी रीत होय. फेरी रिकामी गेली तर सर्वांचेच वाटे रिकामे. वाटेकरी या शब्दात मागणे नाही, बाल्य नाही; नफ्यावरील हक्क आणि तोट्यातील सहभाग या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र नांदतात. आजची वित्तभाषा ज्याला भागभांडवल म्हणते त्याचे तत्त्व या अशिक्षित मानल्या गेलेल्या व्यवहारात फार पूर्वीपासून आहे.

तथापि या शब्दाचे अकारण गौरवीकरण करणे युक्त होणार नाही. होडी व जाळे यांचे वाटे मालकाकडे जातात, त्यामुळे वाटणी समान नसते. पुष्कळ ठिकाणी खलाशी आता पगारावर असतात. शिवाय ‘वाट्या’च्या शेजारीच ‘उचल’ उभी आहे. मासळीचा दलाल हंगामापूर्वी आगाऊ रक्कम देतो आणि त्या मोबदल्यात माल आपल्यामार्फत विकण्याचे बंधन घालतो. व्याज कागदावर दिसत नाही. ते भावातून वसूल होते. लोकव्यवहाराची भाषा म्हणून ती न्याय्यच असते असे नाही. परंतु उचल आज दुपारी मिळते, अर्जाचे उत्तर केव्हा येईल ते ठाऊक नसते, हा फरक व्यवहारात निर्णायक ठरतो. ससून डॉकच्या पहाटेच्या लिलावात माल घेणाऱ्या कोळणीचे भांडवल सकाळी गुंतते आणि संध्याकाळपर्यंत मोकळे होते किंवा बुडते. मासिक हप्त्याचे कोष्टक या कालमानात बसत नाही. पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात तर ते मुळीच बसत नाही.

नवउद्यमाची व्याख्या पाहिली म्हणजे हे अंतर अधिकच स्पष्ट होते. २०१६ सालच्या केंद्रीय व्याख्येत खाजगी कंपनी, नोंदणीकृत भागीदारी व मर्यादित दायित्वाची भागीदारी यांना स्थान होते. मच्छीमारांनी ज्या रूपात स्वतःची आर्थिक संघटना केली त्या सहकारी संस्थेला नव्हते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने महिला नवउद्यमांसाठी जी योजना आणली, तीत एक लाखापासून पंचवीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले आणि महिला संस्थापकाचा किमान एकावन्न टक्के वाटा ही अट घातली. येथे ‘वाटा’ हा शब्द शासकीय मराठीत योग्य अर्थाने आला, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र केंद्रीय मान्यतेची आणि किमान दहा लाखांच्या उलाढालीची अट त्यासोबतच असल्यामुळे दाराशी पोहोचण्यासाठी आधीच बरेच चालून आलेले असावे लागते.

४

परिभाषा बदलली म्हणजे व्यवहार बदलतो काय? यासंबंधी तीन प्रसंगांचा विचार उद्बोधक ठरेल.

पहिला प्रसंग मच्छीमार नगरापासून फार दूर नसलेल्या गिरगावातला. १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यासाठी ऐंशी रुपये उसने घेतले होते. पुढे ‘लिज्जत’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या संस्थेने देणगी न मागण्याचा निश्चय प्रथमपासून केला आणि प्रत्येक सभासद ‘बहीण’ ही मालक असून नफ्यातोट्याची भागीदार आहे, हे तत्त्व ठेवले. ऐंशी रुपये ही रक्कम क्षुल्लक होती. ती उसनी होती, दान नव्हती, आणि परत करण्याची ऐपत घेणाऱ्यांच्या ठायी गृहीत धरलेली होती, हे येथे लक्षणीय आहे.

दुसरा प्रसंग गिरणगावातला. गिरणीकामगारांसाठी खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. या स्त्रिया कित्येक वर्षे शेकडो कामगारांना जेवू घालीत होत्या. परंतु ‘घरकाम’ या शब्दाखाली त्यांचा धंदा झाकला गेला होता. त्याला धंदा म्हणून नाव मिळाले तेव्हा किराणा दुकानदाराच्या उधारीवाचून दुसरा मार्ग त्यांना दिसू लागला.

तिसरा प्रसंग मुंबईबाहेरचा असला तरी भाषेच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी सहकारी बँक काढण्याचा अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक सभासद निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने तो प्रथम नाकारला. स्त्रिया लिहावाचावयास शिकल्या आणि पुन्हा गेल्या. कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी सांगून दाखवितो, अशी त्यांची भूमिका होती. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. साक्षरता आणि हिशोबाचे ज्ञान या दोन स्वतंत्र क्षमता आहेत. ‘अंगठाबहाद्दर’ हा मराठी शब्द त्या दोन्ही एकदमच नाकारतो. म्हसवडच्या स्त्रियांनी हे समीकरण कृतीने मोडले.

तिन्ही प्रसंगांत घेणाऱ्यांनी ‘लाभार्थी’ हे पद स्वीकारलेले नाही. त्यांनी क्रमाने मालक, व्यावसायिक आणि बँकेचे प्रवर्तक ही पदे मागितली. रक्कम त्यामागून आली.

५

यावर एक आक्षेप संभवतो. भागीदारी ही नेहमीच कर्जाहून श्रेयस्कर असते काय? साहस भांडवलाची अपेक्षा अनेकपट वाढीची असते. समुद्र अशी वाढ देत नाही. होड्यांची व जाळ्यांची संख्या वाढविल्याने काही काळ उत्पन्न वाढेल, पण बीजच ओरबाडले गेले तर पुढील हंगामाचे वाटेही त्यासोबत जातील. हा आक्षेप बलवान आहे आणि त्याने प्रस्तुत विवेचनाला योग्य मर्यादा पडते. प्रत्यक्ष मासेमारीसाठी हंगामाशी जुळणारे हप्ते असलेले कर्ज आणि सहकारी संस्थेचा आधार हेच उचित. शीतगृह, सुकविणे, प्रक्रिया, दलालाविना थेट विक्री या क्षेत्रांत मात्र वाढीला वाव आहे. ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या हातची असल्यामुळे तेथे नफ्यातोट्याचा खरा भागीदार मिळणे अगत्याचे आहे. मासेमारांना किसान क्रेडिट कार्डाच्या कक्षेत आणण्याची २०१८ सालची घोषणा पहिल्या गरजेकडे वळणारी होती. दुसऱ्या गरजेचे उत्तर अद्याप द्यावयाचे आहे.

सारांश, एखादी योजना साहाय्याची आहे की गुंतवणुकीची, हे ठरविण्यास एक साधी कसोटी पुरेशी आहे : उद्योग बुडाला तर तोटा कोण सोसतो? तो सर्वस्वी घेणाऱ्याने सोसावयाचा असेल, तर योजनेच्या मथळ्यावर ‘साहस’, ‘भागीदारी’, ‘सक्षमीकरण’ यांपैकी कोणताही शब्द असला तरी ती कर्जयोजनाच होय, आणि तिने तसे स्पष्ट म्हणावे. त्यात कमीपणा नाही. ऐंशी रुपयांच्या उसनवारीतूनही मोठा उद्योग उभा राहिला. जेथे तोटा खरोखर वाटून घ्यावयाचा असेल, तेथे घेणाऱ्याला लाभार्थी न म्हणता वाटेकरी म्हणावे आणि निर्णयात व हिशोबात त्याला त्या नावाप्रमाणे जागा द्यावी. परिभाषा घडविणाऱ्यांना त्यासाठी नवा संस्कृत समास शोधण्याची आवश्यकता नाही. हा शब्द मच्छीमारांच्या रोजच्या व्यवहारात आहे. तो योजनेच्या मसुद्यात घेण्यापूर्वी त्याच्याबरोबर येणारी जोखीमही पत्करण्याची तयारी मात्र हवी.