सेरोटोनिन आणि सुखवेदना : एका सुलभ समीकरणाची चिकित्सा

ध्यानाने मेंदूतील सेरोटोनिन वाढते, सेरोटोनिन म्हणजे सुख, म्हणून धम्म विज्ञानसिद्ध ठरतो, असे प्रतिपादन आता मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही कानी पडते. आमच्या मते ते विज्ञानाच्या कसोटीस उतरत नाही आणि धम्माच्याही नाही.

सेरोटोनिन १९४८ मध्ये रक्तातून वेगळे करण्यात आले. शरीरातील त्याचा बहुतेक साठा आतड्यात असतो, मेंदूत अल्पच. त्याच्या ग्राहींची सात कुले आहेत. मेंदूच्या बाह्यकातील पिरॅमिडल चेतापेशी १ए ग्राहीमुळे शांत होते, २ए ग्राहीमुळे उत्तेजित होते. आणि पुष्कळदा हे दोन्ही ग्राही एकाच पेशीवर नांदतात! ३ए ग्राही मुख्यतः काही आंतरपेशींवर असतो व त्या पेशी इतरांना आवर घालतात. द्रव्य एकच, परिणाम मात्र परस्परविरुद्ध. मग त्यास 'सुखद्रव्य' कोणत्या आधारावर म्हणावे?

महातण्हासंखय सुत्तात साती भिक्खूचे मत खोडताना भगवंतांनी अग्नीचा दाखला दिला आहे : ज्या इंधनावर तो जळतो, त्यावरून त्याचे नाव. विञ्ञाणही तसेच प्रत्ययाधीन. हे साम्य उद्बोधक आहे, पण त्यावरून बुद्धांना ग्राही ठाऊक होते असे कोणी म्हणेल तर आम्ही त्यासही विरोध करू. मनाचा आश्रय असलेल्या रूपाचे नाव पट्ठानात दिलेलेच नाही. हृदय ही अट्ठकथाकारांची भर होय.

या समीकरणाचा एक धागा मुंबईत पोहोचतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग प्रसिद्ध केला. तिच्यातील रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन घटवते, हे १९५५ मध्ये दिसले. ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याचे वृत्तांतही होते. सेरोटोनिनची उणीव म्हणजे खिन्नता, या कल्पनेस त्यातून बळ मिळाले. २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यास तिला सुसंगत पुरावा आढळला नाही. मात्र त्यावरून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. तो प्रश्न निराळा.

आमची खरी चिंता येथेच आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना विशेष मदत जाहीर करावी लागली, त्यांत वाशीम होता. अशा प्रदेशात 'ध्यान करा, गोळ्या सोडा' हा सल्ला जिवावर बेतू शकतो. औषध एकाएकी थांबविल्यास त्रास उद्भवतो. तो निर्णय वैद्यकाचाच. आजारी भिक्खूंसाठी औषधांची अनुज्ञा देणारा भेसज्जक्खन्धक विनयपिटकातच आहे, हे प्रवचनकारांनी एकदा वाचून पाहावे.