व्यतिकरण आणि व्यत्यय : बिनतारी ग्राहीविषयक मराठी परिभाषेची एक चिकित्सा

बिनतारी मोडेमच्या ग्राहीत शिरणारा उपद्रव कमी कसा करावा, हा प्रश्न वरकरणी अभियंत्याचा आहे. परंतु तो मराठीतून शिकवावयाचा झाल्यास पहिली अडचण यंत्राची नसून शब्दांची असते, आणि ही अडचण अद्याप कोणी पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. इंग्रजीत ‘इंटरफिअरन्स’ या एकाच शब्दाने परस्परांहून भिन्न अशा घटनांचा निर्देश होतो. मराठी लेखकांनी त्याचे भाषांतर कधी व्यतिकरण, कधी व्यत्यय, कधी नुसते अडथळा असे केले. माहितीपत्रकांच्या भाषांतरकारांनी तर ‘हस्तक्षेप’ हा शब्द योजून कमालच केली. हस्तक्षेपास हेतू लागतो. शेजारच्या स्वयंपाकघरातील सूक्ष्मतरंग भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करते म्हणून मोडेमच्या ग्रहणास बाधा पोहोचते. त्यात तिचा कोणताही हेतू असत नाही.

या शब्दांपैकी ‘व्यतिकरण’ आणि ‘व्यत्यय’ यांची परीक्षा प्रथम व्हावयास हवी. दोहोंत ‘वि’ आणि ‘अति’ हे उपसर्ग समान आहेत. धातू मात्र एकात ‘कृ’ व दुसऱ्यात ‘इ’. संस्कृत व्याकरणात कर्मव्यतिहार म्हणजे क्रियेची परस्पर देवघेव. व्यतिकरणातही हाच परस्परभाव आहे. उलट व्यत्यय म्हणजे क्रमाचा विपर्यास. मराठीत येताना तो कामात येणारा खंड झाला. हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नव्हे, तो मराठीच्या वाक्यरचनेतही उतरला आहे. एका तरंगाचे दुसऱ्या तरंगाशी व्यतिकरण होते. येथे ‘शी’ हा प्रत्यय अपरिहार्य ठरतो आणि दोन्ही पक्ष समान पातळीवर राहतात. याच्या उलट, शेजारच्या यंत्रामुळे ग्रहणात व्यत्यय येतो. येथे ‘मुळे’ आणि ‘त’ यांनी कारण व अधिष्ठान वेगळे दाखविले जाते. ज्या वाक्यात ‘शी’ बसत नाही तेथे व्यतिकरण हा शब्द लिहू नये, एवढी साधी कसोटी लेखकांनी पाळली तरी बराच घोटाळा टळेल.

या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे आहे. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात मांडलेल्या आहेत. त्यांच्या संकेतांचे परस्परांशी व्यतिकरण घडवून आणणे हेच या यंत्राचे कार्य होय. त्याच यंत्राला भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांपासून व विद्युत्-वाहिन्यांपासून व्यत्यय पोहोचतो. जागा निवडताना असा उपद्रव कमी असण्याचा विचार झाला होता. म्हणजे जे व्यतिकरण तेथे साध्य, तेच नाव त्याच्या शत्रूलाही दिले, तर वाचकाने समजावे काय?

मोडेमच्या ग्राहीत तर तीन घटना एकत्र येतात. पहिली, संकेताचेच भिंतींवरून परावर्तित झालेले अवशेष उशिरा येऊन मूळ संकेताशी मिसळतात. हे खरे व्यतिकरण. दुसरी, इतर यंत्रांचा संकेत, हा व्यत्यय. तिसरी, ग्राहीतील इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीतून उठणारा रव. उपाय तिन्हींचे निरनिराळे आहेत. रवावर प्रेषणाची शक्ती वाढविणे चालते. परावर्तितांवर त्याचा काही उपयोग नाही, कारण मूळ संकेताबरोबर परावर्तितही तितकेच वाढते, गुणोत्तर जैसे थे राहते. तेथे प्रत्येक चिन्हाआधी रक्षक-अवधी सोडावा लागतो. प्रचलित पद्धतींपैकी एकीत ४ मायक्रोसेकंदांच्या चिन्हात तो ०.८ मायक्रोसेकंद असतो, ज्यात तरंग सुमारे २४० मीटर अंतर कापतो. शेजाऱ्याच्या व्यत्ययावर वाहिनी बदलणे, गाळणी बसविणे किंवा आकाशकाची दिशा फिरविणे हे उपाय. येथे शक्ती वाढविली तर शेजारीही वाढवितो आणि दोघेही पूर्वस्थितीस येतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्यांची मध्यबिंदूंतील अंतरे अवघी ५ मेगाहर्ट्झ, तर एका वाहिनीचा विस्तार सुमारे २० मेगाहर्ट्झ; म्हणून १, ६ व ११ या वाहिन्या एकमेकींत शिरत नाहीत, लगतच्या मात्र शिरतात. ‘अडथळा कमी करण्यासाठी शक्ती वाढवावी’ असे वाक्य ज्या विद्यार्थ्याने पाठ केले, त्याला तिन्हींपैकी दोन प्रसंगी चुकीचा उपाय शिकविला गेला.

जनभाषेकडे पाहिले असता एक विशेष दिसतो. जुन्या रेडिओने रवाला आवाज दिला होता, म्हणून ‘खरखर’ हा अनुकरणवाचक शब्द आपोआप रूढ झाला आणि तो विद्वानांच्या कोणत्याही घडणीव शब्दापेक्षा नेमका आहे. उच्चदाब वाहिनीखाली तो आजही ऐकू येतो. वर्धा येथील ७६५ किलोव्होल्टच्या उपकेंद्रासारख्या ठिकाणांहून निघणाऱ्या तारांवरील किरीट-विसर्जनाचा त्रास प्रामुख्याने काही दशक मेगाहर्ट्झच्या आतील ग्रहणाला होतो, मोडेमच्या पट्ट्याला फारसा नव्हे. परंतु अंकीय ग्राही खरखरत नाही. तो मुकाट्याने शब्द गाळतो, पुन्हा मागवितो, आणि वापरणारा एवढेच म्हणतो की आज नेट हळू आहे. दोष कानाला कळत नाही, म्हणून शब्दाने कळविणे भाग पडते.

या प्रदेशाला परिभाषेचा प्रश्न नवा नाही. डॉ. रघुवीर (१९०२–१९६३) यांनी नागपुरात राहून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शासनासाठी उपसर्ग-धातूंच्या आधारे शब्द घडविले. त्यांची पद्धत सुसंगत होती, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करावे. दोष होता तो असा की शब्द घडविताना तो कोणत्या वाक्यात बसेल याचा विचार मागे पडला. एकच अर्थ सांगण्यासाठी आज विश्वकोश ‘कंप्रता’ म्हणतो, शाळेचे पुस्तक ‘वारंवारिता’ म्हणते, आणि हिंदी पुस्तकातील ‘आवृत्ति’ वाचून मराठी विद्यार्थ्याला ग्रंथाची आवृत्ती आठवते. वर्ध्याच्या १९३७ च्या ऑक्टोबरमधील शिक्षण परिषदेने मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असा ठराव केला. २०२१ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास तंत्रशिक्षण परिषदेची अनुमती मिळाली. दरम्यानच्या काळात ग्रंथ निघाले, कोश निघाले. प्रत्यय कोणता लावावा हे मात्र कोणी सांगितले नाही.

नव्या ग्राहींनी प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला आहे. अनेक आकाशक वापरणाऱ्या मोडेमांत परावर्तित मार्ग टाळावयाचे नसून प्रत्येक मार्गावरून वेगळा संदेश पाठवावयाचा असतो. पूर्वी ज्याला दोष म्हटले तेच आता वाहकाचे काम करते. अशा मार्गांना ‘अपमार्ग’ म्हणणारे जे काही लेखन झाले आहे ते मागे घ्यावे लागेल, आणि तेथे ‘बहुमार्ग’ हा निर्विकार शब्दच योजावा.