ओसऱ्यांचें गांव

'मॅस्टोडॉन' या समाजमाध्यमाची स्तुति त्याचे भक्त इतक्या उच्च स्वरानें करितात कीं, त्याचे खरे गुण कोणते हें पाहणें टीकाकारास भागच पडतें. जर्मनींतील ऑयगेन रोख्को या तरुणानें २०१६ सालीं तें सुरू केलें. ट्विटरप्रमाणें येथें सर्वांवर एकच धनी नाहीं. निरनिराळीं माणसें व मंडळें आपापला सर्व्हर चालवितात, आणि 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' या सामाईक नियमावलीमुळें एका घरचा निरोप दुसऱ्या घरीं पोंचतो. २०१९ च्या नोव्हेंबरांत ट्विटरवर रुष्ट झालेले पुष्कळ भारतीय इकडे वळले. त्यांतील अनेक पुढें परतलेही. आमच्या मतें त्यांनीं येथें सभा शोधली. येथें मिळते ती ओसरी.

कोणाचें टिपण पुढें करावें हें ठरविणारा मुनीम येथें नाहीं. आपण ज्यांस अनुसरतों त्यांचीं टिपणें काळाच्या क्रमानें येतात. त्यामुळें टाळ्यांसाठीं केलेलें लेखन फिकें पडतें आणि साधी घरगुती नोंद शोभून दिसते. पांचशें अक्षरांची नेहमींची मर्यादा तिला पुरेशी आहे. अकोल्याच्या उन्हाळ्याचेंच उदाहरण घ्या. चैत्र लागला कीं कूलर बाहेर निघतो. त्याचें गवत बदलावें लागतें, पंप उघडावा लागतो, आणि खारपाणपट्ट्यांतील पाण्यानें बसलेले क्षारांचे थर खरवडावे लागतात. ही खटपट कोणी अस्सल वऱ्हाडींत लिहिली, तर अमरावतीच्या वाचकास तींत आपलेंच घर दिसेल.

परंतु तेथील बरेंच लेखन त्या यंत्रासंबंधींच असतें : सर्व्हर कोणता, मांडणी कशी, बिघाड कोठें. कूलर दुरुस्त करणारा गृहस्थ शेवटीं वाऱ्यांत बसतो. ही मंडळी पेचकस हातांत धरूनच बसतात.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सर्व्हर चालविणारा बहुधा हौशी असतो. खर्च पदरचा किंवा वर्गणीचा. तो थकला कीं घर बंद होतें. बिऱ्हाड हलवितांना अनुयायी बरोबर नेतां येतात, जुनीं टिपणें मात्र नव्या घरीं जात नाहींत. त्यांची प्रत उतरवून घेण्याची सोय आहे. ती वेळींच वापरावी, असें आमचें वाचकांस सांगणें आहे.

गांवोगांवच्या वाचनालयांसाठीं ज्यांनीं दारोदार वर्गणी मागितली, त्यांस हें नवें वाटणार नाहीं. धनी नाहीं एवढ्यानें संस्था सर्वांची होत नाहीं. सकाळीं कोणीतरी उठून ती झाडावी लागते. असा झाडणारा अकोल्यास किंवा अमरावतीस पुढें आला, तर वऱ्हाडी बोलीस येथें स्वतःचें घर मिळेल. तोंवर दुसऱ्याच्या ओसरीवर पाहुण्यासारखें बसावें, आणि निघतांना आपली वही बरोबर न्यावी.