डार्विनची पत्रं वाचा, पण शेजारी त्याची जमाखर्चाची वही ठेवा

संशोधनात यायचं ठरवलं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘डार्विनची पत्रं वाच.’ सल्ला चांगलाच आहे. फ्रेडरिक बर्कहार्ट यांनी 1974 साली हा प्रकल्प सुरू केला, 1985 पासून त्याचे तीस जाडजूड खंड निघाले. पंधरा हजारांहून जास्त पत्रं आज घरबसल्या, फुकट शोधता येतात. तळटीपा तर अशा, की पत्रात नुसतं ‘तुमचा तो कागद मिळाला’ एवढंच असलं तरी कोणता कागद ते संपादकांनी शोधून काढलेलं असतं. संपादन कसं करावं याचा वस्तुपाठ आहे हा.

तरीही माझी एक तक्रार आहे. ती संपादकांबद्दल कमी आणि आपण ही पत्रं जशी वाचतो त्याबद्दल जास्त आहे.

आपण काय वाचतो? डाउन नावाच्या खेड्यात बसलेला, सतत आजारी असलेला एक माणूस जगभरच्या कबुतरवाल्यांना, माळ्यांना, मिशनऱ्यांना, सरकारी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतोय आणि सगळे आपलेपणानं उत्तरं देतायत. मग आपण म्हणतो, बघा, विज्ञान म्हणजे संवाद. असा संवाद उभा राहायला काय लागतं, हे मात्र पत्रांतून सहज दिसत नाही. ते दुसऱ्या कागदांतून दिसतं.

डार्विन लग्नानंतर आयुष्यभर हिशोब लिहीत होता. मुलगा फ्रान्सिस आठवण सांगतो, की चेक फाडला रे फाडला की वडील घाईनं वही ओढून नोंद करत, जणू विसरूनच जातील. वर्षाअखेरी एखाद्या व्यापाऱ्यासारखा ताळेबंद मांडत. कागदाची काटकसर एवढी, की जुन्या मसुद्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर टिपणं. (मोजायची सवयच होती माणसाला. 1876 मध्ये तो एसा ग्रे यांना कळवतो, की बॅकगॅमनमध्ये बायकोनं 2,490 डाव जिंकले आणि आपण 2,795!)

त्या हिशोबात पगाराची जागा मात्र कायम रिकामी. डार्विननं कधी पगारी नोकरी केलीच नाही. 1839 मध्ये लग्न झालं तेव्हा वडिलांनी दहा हजार पौंडांची व्यवस्था केली, सासऱ्यांनी पाच हजारांची, शिवाय एमाला वर्षाला चारशे. पुढे रेल्वेचे शेअर्स, लिंकनशायरमधली शेती, वडिलांचा वारसा. ‘ओरिजिन’च्या पहिल्या आवृत्तीच्या 1,250 प्रतींचे त्याला 180 पौंड मिळाले, म्हणजे घर पुस्तकावर चालत नव्हतं. शंखकवची बार्नेकल्सवर त्यानं आठ वर्षं घालवली, ती कुठल्या वार्षिक प्रगती अहवालात बसली असती? तुमची फेलोशिप चार महिने अडकली की कळतं, ‘संयम’ नावाचा वैज्ञानिक गुण बराचसा बँकेत राहतो.

आता इथं घाई करू नका. ‘श्रीमंत होता म्हणून जमलं’ हा निष्कर्षही तितकाच आळशी आहे. वॉलेसकडे काहीच नव्हतं, नमुने विकून तो जगला आणि नैसर्गिक निवडीपर्यंत तोही पोचला. पैशानं कल्पना येत नाहीत. पैशानं वेळ मिळतो, चुकायची मुभा मिळते आणि दुसऱ्याला मदत करायची ऐपत येते. ही शेवटची गोष्ट मला पत्रांमध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटते.

जॉन स्कॉटचं उदाहरण घ्या. एडिंबरोच्या वनस्पती उद्यानातला हा माळी. 1862 मध्ये त्यानं डार्विनला पत्र लिहून ऑर्किडवरच्या पुस्तकातली एक चूक दाखवली. डार्विन रागावला नाही, खूश झाला. प्रयोग सुचवले, स्कॉटच्या निबंधासाठी लिनियन सोसायटीत शब्द टाकला. दरम्यान स्कॉटचं वरिष्ठांशी बिनसलं आणि नोकरी गेली. तेव्हा डार्विननं स्वतः पैसे द्यायची तयारी दाखवली. शेवटी हूकरच्या ओळखीनं हिंदुस्थानात जागेची सोय होईल असं ठरलं आणि 1864 मध्ये स्कॉटच्या बोटीचं भाडं डार्विननं भरलं. स्कॉट कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात क्युरेटर झाला आणि भावनांच्या अभिव्यक्तीवरच्या 1872 च्या पुस्तकात त्याची तिथली निरीक्षणं आली.

ही गोष्ट ‘उदार गुरू’ म्हणून सांगता येते. खरीही आहे. पण त्याच कलकत्त्यात एडवर्ड ब्लिथ एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर सांभाळत होता आणि 1855 पासून डार्विनला भरभरून माहिती पाठवत होता. ‘ओरिजिन’मध्ये डार्विन त्याचं मत फार मोलाचं मानतो. पगारवाढ मात्र त्यातून होत नव्हती. एकाची चूक दाखवणारी चिठ्ठी त्याचं आयुष्य बदलते, दुसऱ्याची वर्षानुवर्षांची माहिती तळटीपेत जाते. यात गुणवत्ता किती आणि कुणाचं लक्ष केव्हा गेलं हे किती?

आणि पुरावाही समान उरलेला नाही. फायली भरल्या की डार्विन जुनी पत्रं जाळायचा, त्यामुळे 1862 च्या आधी त्याला आलेली बहुतेक पत्रं गेली. ब्लिथच्या बाबतीत उलटं झालंय: त्याची पत्रं बरीच उरली, डार्विननं त्याला लिहिलेली जवळजवळ नाहीत. तेव्हा ‘पत्रव्यवहाराच्या जाळ्याचं विश्लेषण’ असा विषय सिनॉप्सिसमध्ये लिहायच्या आधी, तो आलेख किती जळलेल्या कागदावर उभा आहे ते बघा. शोधपेटीत शब्द टाकून आकडे मोजणं फार सोपं झालंय, म्हणून सांगतोय.

शेवटची वर्षं मला सगळ्यात आवडतात. वॉलेसचे पैसे बुडालेले, नोकरी मिळेना. डार्विन त्याच्यासाठी सरकारी पेन्शन मागायचं ठरवतो. हूकर आधी साफ नकार देतो: हा माणूस प्रेतात्म्यांच्या बैठकांना जातो, पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्याशी पैज लावतो, याची शिफारस कशी करायची? डार्विन सोडत नाही. हक्सलेला सोबत घेतो, अर्ज तयार करतो, सह्या गोळा करतो. हूकरचीही सही होते. जानेवारी 1881 मध्ये ग्लॅडस्टननं वर्षाला दोनशे पौंड मंजूर केले. त्या पत्रांत उत्क्रांतीचा एक शब्दही शोधावा लागतो, पण वैज्ञानिक काम कसं चालतं ते त्यात ठासून भरलंय.

तीस खंड पाहून घाबरू नका. स्कॉटचं नाव टाका, नोव्हेंबर 1862 पासून सुरू करा आणि प्रत्येक पत्राशी स्वतःला विचारा, याच्या तिकिटाचे पैसे कुणी दिले असतील.