कसे याल?

मराठी समीक्षेने कविता सोडली नाही, कादंबरी सोडली नाही, नाटकाला तर पळता भुई थोडी केली. पण चर्चासत्राच्या निमंत्रणाबरोबर जे 'कसे याल?' नावाचं पत्रक येतं, ते बिचारं अजून समीक्षेच्या उंबऱ्याबाहेर चपला काढूनच उभं आहे. त्याला कुणी 'या, बसा' म्हटलेलं नाही. खरं तर हे काम माझं नव्हे. मी बी.कॉम., बँकेत कारकून. पण आमचा धाकटा भाऊ परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि पुण्याला कार्यशाळा असली की पत्रक आधी माझ्याकडे पाठवतो. "दादा, तू पुण्याचा. याचा अर्थ सांग." त्याच्या विषयात त्याने मला अर्थ विचारावा असा हा एकमेव साहित्यप्रकार.

परवाचं पत्रक पुण्यातल्याच एका संस्थेचं होतं. नाव सांगत नाही. तिथल्या दोघांची खाती आमच्या शाखेत आहेत. विषय प्राचीन मराठी गद्य, दिवस तीन.

पत्रकाचा प्रारंभ विमानाने होतो. लोहगाव विमानतळावर उतरा, तिथून टॅक्सी करा, टॅक्सीवाल्याला अमुक सांगा, असा सहा ओळींचा परिच्छेद. कलाकृतीची सुरुवात भव्य असावी हे मान्य. पण परभणीला विमान उतरत नाही. तिथल्या मराठीच्या प्राध्यापकाला विमानतळाची वाट दाखवणं म्हणजे एकादशी धरलेल्या माणसाला मटणाचा भाव सांगण्यापैकी आहे. मग रेल्वे येते, तिला तीन ओळी. आणि सगळ्यात शेवटी, पंगतीत ताक यावं तशी एस.टी. येते. तिला एकच ओळ: 'शिवाजीनगर एस.टी. स्थानकापासून चालत दहा मिनिटे.'

वाक्य सुटसुटीत आहे, एक शब्द जास्त नाही. फक्त ते खरं नाही. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं स्थानक २०१९ च्या अखेरीला वाकडेवाडीला गेलं. पुण्याला एस.टी.ची तीन दारं: साताऱ्या-कोल्हापूरकडचा माणूस स्वारगेटला, मुंबईकडचा स्टेशनला आणि नाशिक, नगर, मराठवाड्याकडचा शिवाजीनगरला. म्हणजे पाठीवर बाड घेऊन रात्रभर बसलेले जे लोक यायचे, त्यांचंच दार हललं होतं. वाकडेवाडीहून दहा मिनिटं चाललं तर माणूस फार तर जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडतो, तोही रहदारीने मनावर घेतलं तर.

पुढे खुणा. 'विद्यापीठ चौकातील उड्डाणपुलाखालून डावीकडे.' हा पूल २०२० मध्ये पाडला. पत्रकात तो अजून उभा आहे, त्याच्याखालून लोक डावीकडे वळताहेत. कार्यशाळेचा विषय प्राचीन गद्य असल्यामुळे पत्रकही त्याच काळातलं ठेवलं असावं, असा तर्क मी मांडला. भाऊ हसला नाही. आमच्या जमाखर्चात याला 'मागील पानावरून पुढे' म्हणतात. फरक एवढाच, की आम्ही ती रक्कम पुढच्या पानावर नेण्याआधी एकदा तपासतो.

मराठीत वाट सांगायची रीत नाही म्हणावं, तर तसंही नाही. भावाकडून कळलं, महानुभावांची स्थानपोथी नावाची पोथी आहे, चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी जिथे राहिले, बसले, जेवले, ती ठिकाणं मागून येणाऱ्याला सापडावीत म्हणून लिहिलेली. देऊळ गावाच्या कुठल्या अंगाला, दार कुठल्या दिशेला, शेजारी काय, हे सगळं त्यात आहे. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचे पाय डोळ्यांपुढे ठेवले होते. वारीचंही तसंच. आळंदीहून निघणाऱ्याला सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद कुठल्या दिवशी, हे घरून निघतानाच पाठ असतं. बरं, गंमत अशी की कार्यशाळेतलं दुसऱ्या दिवशीचं एक सत्र या स्थानपोथीवरच होतं. संयोजकांनी ते ठरवलं आणि पत्रक मागच्या वर्षीचं काढलं!

आता म्हणाल, सगळंच कसं वाईट असेल? नाही. 'प्रवासखर्चाची प्रतिपूर्ती' हा भाग या लेखनाचा कळस आहे. तिथे लेखकाची लेखणी अशी काही चालते की वाहवा! मूळ तिकीट, विमानाने आल्यास बोर्डिंग पास, रद्द केलेला धनादेश, खातं कोणत्या शाखेत, आयएफएससी क्रमांक, अर्ज दोन प्रतींत, स्वाक्षरी निळ्या शाईत. या क्रमांकात अकरा अक्षरं असतात आणि पाचवं शून्य असतं, ते इंग्रजी 'ओ' समजून लिहू नये, हेसुद्धा चौकटीत छापलेलं. वीस वर्षं मी काउंटरवर हेच सांगून घसा बसवला. तेव्हा या मंडळींना नेमकं लिहिता येत नाही, असं मी म्हणू देणार नाही. जिथे हिशेबतपासनीस वाचणार, तिथे ते नेमकं लिहितात. परभणीचा माणूस वाचणार, तिथे उड्डाणपूल.

निवासाचा परिच्छेद त्रोटक आहे. 'कक्ष दुपारी १२ नंतर उपलब्ध होतील.' उद्घाटन सकाळी दहाला, मराठवाड्याची रातराणी पहाटे साडेपाचला. मधल्या वेळात प्राचीन गद्याच्या अभ्यासकाने आंघोळ कुठे करावी, यावर पत्रक मौन पाळतं. समीक्षेत मौनाला मोल असतं म्हणे. मौनाने दाढी होत नाही. आमच्या भावाला भावाचं घर आहे. बाकीच्यांनी स्थानकावरच्या नळावर उरकलं आणि पहिल्या सत्रात पेंगले.

पण मला हे पत्रक खरं टोचलं ते दुसऱ्याच कारणाने. भावाच्या महाविद्यालयात एक मॅडम आहेत. लीळाचरित्राचा त्यांचा अभ्यास आपल्यापेक्षा दांडगा, असं भाऊ स्वतःच म्हणतो, आणि आमच्या घराण्यात असं सहसा कुणी म्हणत नाही. त्यांचाही निबंध निवडला होता. पदरात दीड वर्षाची मुलगी, सोबत सासूबाई यायला तयार. सासूबाईंना खोलीत राहता येईल का, पैसे किती भरायचे, दूध तापवायची सोय आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. पत्रकात नव्हतं. म्हणून 'अधिक माहितीसाठी' दिलेल्या क्रमांकावर त्यांनी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "होईल काहीतरी. या तुम्ही."

'होईल काहीतरी' एवढ्या भरवशावर तान्ही मुलगी आणि साठीच्या सासूबाई घेऊन रात्रीच्या गाडीत कोण बसेल? त्या आल्या नाहीत. त्यांचा निबंध आमच्या भावाने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर एका बुजुर्ग प्राध्यापकांनी पाठभेदाबद्दल चांगला, अगदी मुळाशी जाणारा प्रश्न विचारला. भावाला उत्तर येत नव्हतं. ज्यांना येत होतं, त्या त्या वेळी परभणी जिल्ह्यात वर्गात तास घेत होत्या. कार्यशाळेच्या अहवालात 'चर्चा उद्बोधक झाली' असं छापून आलं आहे.

मी वाकडेवाडी, पूल, आंघोळ आणि सासूबाई या चार बाबी एका कागदावर लिहून संयोजकांना पाठवल्या. 'सूचनेची नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. आम्हीही खातेदारांना हेच कळवतो, त्यामुळे अर्थ विचारायची गरज पडली नाही.

परत जाताना भावाने मॅडमच्या वाटणीची पिशवी मागून घेतली. आत वही, पेन, कार्यक्रमपत्रिका आणि पुढच्या कार्यशाळेचं 'कसे याल?' होतं. मी उघडून पाहिलं. सुरुवात लोहगावपासूनच आहे.