मध्यगेने झाकलेले : एका चाचणीचे परीक्षण

मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगावरील प्रतिरक्षा-चिकित्सेच्या चाचण्यांत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'कीनोट-१७७'चे स्थान महत्त्वाचे आहे. डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा ज्यांच्या अर्बुदात निकामी झाली होती, अशा ३०७ रुग्णांची तीत पेम्ब्रोलिझुमाब व रसायनोपचार अशा दोन गटांत यदृच्छ विभागणी केली होती. रोग न बळावता गेलेल्या काळाची मध्यगा पहिल्या गटात १६.५ महिने, तर दुसऱ्यात ८.२ महिने आली. ह्यावरून औषध प्रत्येकास दुप्पट गुणकारी ठरते, असा अर्थ काढण्याचा मोह होतो; परंतु तो आवरला पाहिजे.

कारण दोन्ही गटांचे आलेख आरंभीच्या महिन्यांत परस्परांना छेदतात. पेम्ब्रोलिझुमाब घेणाऱ्या सुमारे २९ टक्के रुग्णांत रोग वाढतच गेला. रसायनोपचारात हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. म्हणजे काहींना दीर्घ आराम, तर काहींना आरंभीच अपयश. हा भेद मध्यगा झाकून टाकते. एकूण आयुर्मानातील फरकही संख्याशास्त्रीय निकषास उतरला नाही. तथापि रसायनोपचाराच्या गटातील अनेकांना पुढे प्रतिरक्षा-चिकित्साच मिळाली होती. त्यामुळे ह्या निष्कर्षावरून औषध निष्फळ म्हणणेही अन्यायाचे होईल.

शिवाय पसरलेल्या रोगात अशी अर्बुदे शंभरांत सुमारे पाचच. तेव्हा 'किती गुण आला?' ह्यापेक्षा 'कोणास आला?' हाच खरा प्रश्न होय.