पाठ्यपुस्तकातील काळा-पांढरा चौकोन

पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करताना आपण भाषा तपासतो, आकृत्या पाहतो, स्वाध्यायांवर मत देतो. धड्यापाशी छापलेला काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, मात्र परीक्षणातून सुटतो. तो असला की पुस्तक आधुनिक झाले असे आपण धरून चालतो. वास्तविक तोही पुस्तकाचाच भाग आहे.

हा चौकोन शाळेसाठी जन्मलेला नाही. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जपानमध्ये तो तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांतील ठळक चौकटींवरून कॅमेऱ्याला कोडची दिशा कळते. म्हणून पुस्तक उलटे धरले तरी चालते. कोडमध्ये माहिती थोडी जादा भरलेली असते, त्यामुळे काही भाग पुसला गेला तरी उरलेल्यावरून ती जुळवता येते. सर्वांत मजबूत प्रकारात ही सोय सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्या मुलांच्या पुस्तकांची वर्षअखेरची अवस्था पाहता हा गुण मोलाचाच! पण पाठ्यपुस्तकातील कोडमध्ये धडा नसतो, धड्याचा फक्त पत्ता असतो. तेव्हा पाहायचे ते त्या पत्त्यावर काय सापडते हे.

महाराष्ट्रात या कोडची कथा एका शिक्षकापासून सांगितली जाते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार त्यांची अडचण अगदी साधी होती: पुस्तकाची भाषा मुलांच्या घरची नव्हती. त्यांनी मुलांची भाषा शिकून घेतली, धडे त्या भाषेत आणले आणि कविता, गोष्टी व पाठ कोडमागे ठेवले. या क्रमाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. आधी मूल, मग भाषा आणि शेवटी यंत्र. २०१७ मध्ये राज्याने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत कोड आणण्याचे जाहीर केले, तेव्हा उत्तर घरोघर पोचले. ते ज्या प्रश्नाचे होते तो प्रश्न परितेवाडीतच राहिला. प्रत्येक शाळेची अडचण भाषेचीच असेल असे नाही.

विज्ञानाच्या तासाला हे फार स्पष्ट दिसते. पाण्याच्या ताटलीत पेटती मेणबत्ती ठेवून वर पेला उपडा घालण्याचा प्रयोग घ्या. त्याच्या चित्रफितींत आणि कित्येक जुन्या पुस्तकांतही सांगितले जाते की ऑक्सिजन जळून गेला, म्हणून पाणी एकपंचमांश चढले. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. ज्योत विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जो खर्च होतो त्याच्या बऱ्याचशा जागी कार्बन डायऑक्साइड येतो. पाणी चढते ते मुख्यतः ज्योतीने तापलेली हवा थंड होऊन आकसल्यामुळे. पेला घालताना कडेने बुडबुडे निघतात ते पाहावे. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात. पेला तोच, ऑक्सिजन तितकाच, तरी पाणी जास्त चढते! चित्रफितीला हे विचारता येत नाही. तिथे मेणबत्ती एकच असते आणि निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. ताटली, पेला आणि काडेपेटी ज्या शाळेत आहे तिने या धड्यासाठी फोन काढूच नये. उलट बी रुजण्याचे आठ दिवस दोन मिनिटांत दाखवायचे असतील, किंवा हृदयाच्या झडपांची उघडझाप, तर चित्रफितीला पर्याय नाही.

ही निवड करणे हे शिक्षकाचे खरे तंत्रज्ञान-शिक्षण. २०१५ नंतर आपल्याकडे ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला. शब्द गोड आहे, पण स्नेहात नकार देण्याचा अधिकारही येतो. प्रशिक्षणात ॲप उतरवून घ्यायला शिकवतात, चित्रफीत नाकारायला क्वचितच. मग वर्षानुवर्षे उत्तम शिकवणारी एखादी बाई कोड वापरत नाही म्हणून मागासलेली ठरते, आणि फळ्याकडे पाठ करून चित्रफीत लावणारा पुढारलेला!

मुख्याध्यापकांचा प्रश्न निराळा. लोकवर्गणीतून आलेला टीव्ही किंवा टॅब डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढला की तो मोडल्यास जबाब त्यांनाच द्यावा लागतो. म्हणून कपाटाला कुलूप बसते. यात त्यांना दोष देणे सोपे आहे, पण वापरून बिघडलेली वस्तू आणि न वापरता जुनी झालेली वस्तू यांत आपली तपासणी फरक करत नाही, तोवर किल्ली मुख्याध्यापकांच्याच खिशात राहणार. ज्या शाळेत मुख्याध्यापक स्वतः वर्गावर जाऊन टॅब वापरतात, तिथे कुलूप लवकर निघते. दुसऱ्याने हात लावला तर काय बिघडू शकते आणि काय नाही, हे त्यांना ठाऊक झालेले असते.

कोड तयार करायला कुणाची परवानगी लागत नाही. पेटंट असूनही हा कोड सर्वांना मोकळेपणाने वापरू द्यायचे डेन्सो वेव्ह या कंपनीने ठरवले. सहावी-सातवीच्या मुलांनी केलेल्या तीन मेणबत्त्यांच्या प्रयोगाची चित्रफीत शाळेच्या फोनवर घ्यावी, तिचा कोड काढावा आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात छापील चौकोनाशेजारी खळीने चिकटवावा.